नवीन सिस्टीम, तोच राग, आणि मास्टर शोधण्यात गेलेले आठ महिने

ज्यांनी नुकतीच चांगली सिस्टीम घेतलीय आणि एवढे पैसे घालूनही गाणं ऐकवत नाहीये अशा अवस्थेत जे कोणी आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी एप्रिल ते डिसेंबर २०२४ त्याच अवस्थेत होते आणि नेमकं कुठे बघायचं हे सांगणारं माणूस मला बरंच उशिरा भेटलं. (वर मास्टर म्हटलंय ते म्हणजे रेकॉर्डिंगची विकायला जाणारी शेवटची, पक्की आवृत्ती.)

सुरुवात पाडव्याला झाली, ९ एप्रिलला. माझं पीपीएफ मॅच्युअर झालं होतं आणि त्यातले काही पैसे गाण्यासाठी ठेवायचे हे बाबा गेल्यापासून मनात होतं. लहानपणी ते मला रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला न्यायचे, तेव्हा कार्यक्रम रात्रभर चालायचा, मी सतरंजीवर त्यांच्या शालीत झोपायची आणि पहाटे कधीतरी जाग यायची ती तंबोऱ्यानं. तो आवाज घरात हवा होता, बाकी काही नाही. स्पीकर १,९०,०००, अ‍ॅम्प १,१२,०००, डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्पला चालणारा सिग्नल करणारं यंत्र) ५८,००० आणि स्टँड, वायरी वगैरे २६,०००, असे एकूण ३,८६,००० गेले. नवऱ्यानं एका शब्दानं विचारलं नाही त्यामुळे जबाबदारी जास्तच वाटत होती.

पहिलं लावलं ते बाबांचं लाडकं रेकॉर्डिंग, एका ज्येष्ठ गायिकेचा विलंबित एकतालातला ख्याल, स्ट्रीमिंगवर, नवीन रीमास्टर केलेलं, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचं नव्यानं मास्टर केलेलं. पहिली दोन मिनिटं वा वा झालं. आवाज मोठा, जवळचा, एकदम भरलेला. मग तबला सुरू झाला आणि काहीतरी खटकायला लागलं. दहाव्या मिनिटाला कपाळ जड, पंधराव्या मिनिटाला मी उठून बंद केलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आणि हेच रेकॉर्डिंग स्वयंपाकघरातल्या तीन हजाराच्या ब्लूटूथ स्पीकरवर मी वर्षभर पोळ्या लाटताना ऐकत होते, तेव्हा कधी त्रास झाला नव्हता.

मग संशयाचे दिवस. आधी खोलीवर संशय. आमचा हॉल सहकारनगरमधल्या जुन्या फ्लॅटचा, १४ बाय ११, समोर मोठी काच आणि खाली गुळगुळीत फरशी. जाड पडदे ६,२०० चे, एक गालिचा, आणि पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला. याचा फायदा झाला हे खरं, टाळी वाजवली की येणारा झणझणाट गेला, त्यामुळे पडदे आणि गालिचा कोणीही आधी करून घ्या. पण त्या गाण्याचा त्रास जसाच्या तसा. दुकानदाराला बोलावलं तर तो म्हणाला ताई वायर बदलून बघा, १८,००० ची आहे, आठ दिवस ठेवा. ठेवली, काही फरक नाही, परत दिली. मग डॅकवर संशय. २ मे ला सर्व्हिसला पाठवला, कुरिअर आणि विमा मिळून ६५०, आणि २४ दिवसांनी परत आला तेव्हा सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, दोष आढळला नाही. इथे एक सांगते, खोके आणि आतला थर्माकोल टाकू नका, बिल स्वतःच्या नावाचं घ्या आणि पाठवण्याआधी सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, माझ्याकडे तिन्ही गोष्टी होत्या म्हणून निदान त्यात वाद झाला नाही.

ते २४ दिवस फार वाईट गेले. हॉलमध्ये एवढे मोठे स्पीकर उभे आणि मुके. मला खरंच वाटायला लागलं होतं की माझेच कान गेलेत, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओग्राम पण काढला, ८०० रुपये, नॉर्मल आला.

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात, रेडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करून निवृत्त झालेले, आता ७८ वर्षांचे. जूनच्या पहिल्या रविवारी त्यांना चहाला बोलावलं आणि तेच गाणं लावलं. ते डोळे मिटून बसले, चार-पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘अगं, तंबोरा ऐक. फक्त तंबोरा. तबल्याची थाप पडली की काय होतंय बघ.’

मी ऐकलं आणि अंगावर काटा आला. थाप पडली की तंबोरा खाली जायचा, आणि थाप विरली की हळूच वर यायचा. प्रत्येक थापेला. जणू कोणी मागे बसून तंबोऱ्याचा आवाज सारखा वर-खाली करतंय. आयुष्यभर ज्या आवाजाला आपण न हलणारा म्हणून धरून असतो तोच हलत होता, आणि तीन आठवडे माझं डोकं त्याच्याशी झगडत होतं. एकदा ऐकू आलं की मग ते ऐकू आल्याशिवाय राहत नाही.

काकांनी मग समजावलं ते माझ्या शब्दांत. रेकॉर्डिंग झालं, मिक्स झालं, की शेवटची पायरी मास्टरिंग. कुठला टेप घ्यायचा, सूर लय बरोबर आहे का, खरखर किती काढायची, आवाज किती वर न्यायचा हे सगळं तिथे ठरतं. डिजिटलमध्ये वर एक पक्कं छत असतं, त्याच्या वर जाताच येत नाही. तबल्याची थाप, तानेतला एखादा उंच स्वर हे क्षणभर त्या छताजवळ जातात आणि बाकी गाणं खूप खाली असतं. आता गाणं मोठं ऐकू यायला हवं असेल तर लिमिटर लावून ती टोकं दाबायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत सगळंच वर उचलायचं. थाप आली की लिमिटर सगळा आवाज खाली ओढतो, नुसता तबला नाही, कारण तोपर्यंत सगळं एकत्र झालेलं असतं. तंबोरा त्याच्याबरोबर ओढला जातो. ‘आम्ही सुई बघून लेव्हल धरायचो आणि थापेसाठी वर जागा सोडायचो,’ काका म्हणाले, ‘ती जागा कोणी भरून टाकली की उरतं काय?’ हे इंजिनिअर मुद्दाम वाईट काम करतात असं नाही, गाडीत, फोनवर, गोंगाटात ऐकणाऱ्यासाठी मोठं पाहिजे म्हणून मागणी असते. माझ्या स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर कुकरच्या शिट्टीत ते चाललंच होतं. तंबोऱ्याचं ते खाली-वर होणं त्या छोट्या स्पीकरमधून बाहेरच येत नव्हतं, नवीन सिस्टीम ते स्पष्ट दाखवत होती. म्हणजे सिस्टीम तिचं काम नीट करत होती आणि मी तिलाच बदलायला निघाले होते.

काकांनी विचारलं, या गाण्याची जुनी सीडी आहे का कुठे? आईकडे सदाशिव पेठेत माळ्यावर बाबांची एक पत्र्याची पेटी होती, त्यात ६० च्या आसपास सीडी निघाल्या, काहींवर बुरशी. (पुसताना मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, गोल ओरखडा वाचणाऱ्या प्रकाशाला जास्त त्रास देतो.) हवी ती सापडली, ९० च्या दशकातली, आतल्या कागदावर बाबांच्या अक्षरात तारीख. सीडी प्लेयर घरात नव्हता, जुना डीव्हीडी प्लेयर होता, त्याच्या मागच्या कोअ‍ॅक्शियल आउटमधून वायर डॅकला जोडली. म्हणजे डॅक तोच, अ‍ॅम्प तोच, स्पीकर तेच, खोली तीच. लावली तर आधी वाटलं काही चुकलं, आवाज केवढा बारीक. काका म्हणाले वाढव. बराच वाढवला. आणि तंबोरा जागेवर बसला. जवारीची, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांच्या झणकेची, ती बारीक चमक, एकामागून एक तारा, आणि थाप पडली ती तंबोऱ्याच्या पुढे, वेगळ्या जागी पडली, आणि तो हललासुद्धा नाही. पूर्ण ४१ मिनिटं ऐकलं. आई सोबत होती, ती फक्त एवढंच म्हणाली, ‘हे बाबांचं.’

पण काकांनी लगेच एक ताकीद दिली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन गोष्टींची तुलना करताना आवाज सारखा करायचा, नाहीतर मोठा तो चांगला वाटतो, अगदी थोडा मोठा असला तरी. आणि आपण मनात आधीच ठरवून बसलो असलो तर स्वतःच्या कानांवरही भरवसा ठेवायचा नाही. म्हणून जुलैमध्ये मी ते नीट केलं. तपकीर गल्लीतून १,८५० ला यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आणला, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं, सेटिंग करण्यात एक अख्खा शनिवार गेला. सीडी रिप झाली, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून झाली, की ते अ‍ॅक्युरेटरिपच्या साठ्यात इतरांच्या रिपशी जुळतेय का बघतं, आपल्या जुन्या मराठी किंवा शास्त्रीय सीडी त्यात बरेचदा नसतात, घाबरू नका, दोनदा वाचून दोन्ही वेळचा आकडा एकच आला तर रिप बरोबर आहे असं धरा.

नवीन रीमास्टर मी २४ बिट ९६ किलोहर्ट्झमध्ये, सीडीच्या वरच्या हाय-रेझ दर्जात, विकत घेतलं, म्हणजे तुलना फाइलशी फाइलची. ऑडॅसिटी या आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही उघडल्या तर जुनीचा आलेख काटेरी, मध्येच उंच टोकं आणि बाकी खाली, नवीनचा एका उंचीवर कापलेला, कुंपणाच्या मेंदीसारखा. डीआर मीटर म्हणून एक मोजणी आहे, गाण्याचा सगळ्यात मोठा भाग आणि त्याची टोकं यात किती अंतर आहे ते साधारण सांगते. जुनी १४, नवीन ७. नवीन सुमारे ८ डेसिबलनं मोठी. पण नुसत्या डीआरच्या आकड्यावर सीडी विकत घेऊ नका, एलपीवरून केलेल्या रिपचा आकडा तेच मास्टर असलं तरी जास्त येतो, आणि वाईट टेपवरून केलेली सीडीसुद्धा १४ दाखवू शकते.

मग फूबार २००० या प्लेयरमध्ये एबीएक्स टेस्ट, म्हणजे न बघता ओळखायची परीक्षा. आधी रिप्लेगेननं दोन्हींचा आवाज सारखा केला, वीस सेकंदांचा तोच तुकडा कापला, आणि कुठली फाइल वाजतेय हे न कळता १६ वेळा ओळखायचं. १६ पैकी १२ च्या वर आलं तर नुसतं नशीब म्हणता येत नाही. माझे १५ आले. दुसरी टेस्ट जास्त बोलकी होती. नवीन रीमास्टरची ती २४ बिट ९६ ची फाइल मी स्वतः १६ बिट ४४.१ मध्ये, म्हणजे सीडीच्या दर्जात बदलली आणि दोन्हींत फरक ओळखायला बसले. ९ आले. दुसऱ्या दिवशी शांत सकाळी परत केली, ७ आले. म्हणजे एकच मास्टर असेल तर हाय-रेझ आणि सीडी यात मला काही कळत नव्हतं, आणि मास्टर बदललं की १५. नंतर वाचलं तर मायर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर करून २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं होतं, ५५४ वेळा विचारलं त्यात बरोबर उत्तरं २७६, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. आणि त्यांनीच हेही लिहिलंय की एसएसीडी वगैरे हाय-रेझ डिस्क एकंदरीत छानच वाजतात, कारण त्या करणाऱ्यांनी मास्टरिंगला जास्त काळजी घेतलेली असते. माझ्या लेकाला हे सांगितलं तर तो म्हणाला आई हे मेटालिकाचं झालं होतं की, २००८ चा डेथ मॅग्नेटिक अल्बम सीडीवर एवढा दाबलेला होता की लोक गिटार हिरो गेममधली आवृत्ती शोधून ऐकायचे. घरातच माहिती होती आणि मी तीन महिने विचारलं नव्हतं.

आता परदेशातून सीडी मागवण्याचा भाग. बाबांच्या पेटीत एका वादकाची सीडी फुटलेली निघाली, ती ८० च्या दशकातली आणि इथे कुठे मिळेना. जपानमधल्या एका जुन्या सीडी विकणाऱ्याकडे होती, २,९०० ची, टपालखर्च १,४५०. ३ ऑगस्टला पैसे भरले. आठ दिवसांत भारतात आली आणि मेसेज आला केवायसी पूर्ण करा. माझं त्या साइटवरचं खातं फार जुनं, माहेरच्या नावाचं, आणि आधार-पॅन सासरच्या नावाचं. नाव जुळेना म्हणून पार्सल थांबलं. लग्नाच्या दाखल्याची स्कॅन कॉपी, पॅन, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं सही करून दिलेलं पत्र, हे सगळं मेल केलं, दोनदा फोन केला, ११ दिवस गेले. वर ड्युटी आणि कुरिअरचे चार्जेस मिळून २,१३०. म्हणजे एक सीडी ६,४८० ला पडली. ज्यांची नावं दोन आहेत त्या बायकांनी ऑर्डर द्यायच्या आधी पार्सलवरचं नाव आधारशी जुळवून घ्या, आणि पैसे भरल्याचा पुरावा, विकणाऱ्याचं पान याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, किंमत विचारतात.

२६ ऑगस्टला हातात आली, रिप केली, आणि ऐकते तर इतकी कर्कश की दातांना झिणझिण्या. रडूच आलं खरं म्हणजे. पण या वेळी मी स्पीकरला दोष दिला नाही, काकांकडे गेले. त्यांच्याकडे जुना सीडी प्लेयर आहे, त्यात तीच सीडी घातली तर गोड, अगदी बरोबर. कारण असं की सुरुवातीच्या काळातल्या काही सीडींवर प्री-एम्फसिस असायचं, म्हणजे वरचा पट्टा मुद्दाम चढवून ठेवायचे, अगदी वरच्या टोकाला जवळजवळ १० डेसिबल, आणि प्लेयरला खूण मिळाली की तो परत उतरवायचा. कॉम्प्युटरवर रिप करताना ते बहुतेकदा उतरवलं जात नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत ट्रॅकच्या यादीत त्याचा एक रकाना असतो, तिथे होय लिहिलेलं मी बघितलंच नव्हतं. सॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरमधून डी-एम्फसिस करून घेतलं, पाच मिनिटांचं काम. जुनी जपानी सीडी रिप केल्यावर टोचत असेल तर टाकून देऊ नका, आधी हे बघा.

जुनं ते सगळं सोनं असंही नाही, हे मी सप्टेंबरमध्ये शिकले. बाबांच्याच पेटीतली दुसरी एक सीडी, पुरुष गायक, लावली तर तंबोरा पाण्याखालून आल्यासारखा डुबडुबत होता. खरखर काढायच्या नादात जवारीच खरवडून टाकलेली, कारण यंत्राला तंबोऱ्याची बारीक झणक आणि टेपची खरखर यात फरक कळत नाही. शिवाय सूर तपासला तर हार्मोनियमच्या काळी एक पट्टीच्या वर, पांढरी दोनच्या अलीकडे कुठेतरी, म्हणजे ज्या टेपवरून सीडी केली ती पळत होती. गायकाचा आवाज त्यामुळे विनाकारण पातळ. त्याच मैफलीचं नवीन रीमास्टर मूळ टेपवरून केलेलं मिळालं, सूर बरोबर काळी एक, थोडी खरखर तशीच ठेवलेली, आणि ते ऐकून मला त्या अनोळखी इंजिनिअरचे पाय धरावेसे वाटले. त्या एका खरखरीत गवयाचा श्वास ऐकू येतो, मागे कोणीतरी ‘क्या बात है’ म्हणतं ते ऐकू येतं. तंबोऱ्याचं अ‍ॅप फोनवर लावून सीडीशी जुळवून बघणं ही माझी आता पहिली तपासणी झालीय.

रोजच्या ऐकण्यात मी काय करते तेही सांगते. स्ट्रीमिंग बंद केलेलं नाही. तुलना करताना अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम सारखं करणारं सेटिंग बंद, एरवी चालू, स्पॉटिफायचं ते उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो याचं माप) या पातळीला आणतं, त्यामुळे दाबलेलं गाणं निदान मोठं तरी वाजत नाही, दाबलेपण मात्र तसंच राहतं. एकाच अल्बमच्या दोन-तीन आवृत्त्या अ‍ॅपवर असतात, प्रत्येकीचा तोच तबल्याचा तुकडा ऐकायचा आणि तंबोरा हलतो का बघायचं. दाबलेलंच ऐकावं लागलं तर प्लेयरमध्येच आवाज ३ डेसिबल खाली घेऊन मग अ‍ॅम्पवर वाढवते, कारण छताला चिकटलेल्या फाइलमध्ये दोन नमुन्यांच्या, म्हणजे आवाजाच्या दोन मोजलेल्या नोंदींच्या, मधली लाट डॅकच्या आत छताच्या वर जाऊ शकते आणि तिथे आणखी फाटते, एवढ्यानं थोडी धार कमी होते. अँड्रॉइड फोनवरून डॅकला लावत असाल तर फोन बरेचदा सगळं ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलून पाठवतो, ते मला फारसं ऐकू आलं नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवले नाहीत.

डिसेंबरमध्ये मुकुंदनगरला सवाईला गेले, आता वेळेचं बंधन असतं त्यामुळे रात्री घरी परत. हात-पाय धुतले आणि बारीक आवाजात बाबांची ती सीडी लावली, नवरा म्हणाला आताच तर ऐकून आलीस. स्पीकर तेच आहेत, वायर दुकानातून सोबत आलेली तीच, डॅक तोच. पत्र्याच्या पेटीतल्या २९ सीडी रिप झाल्या, दोन सीडींना उजेडात धरलं की बारीक भोकं दिसतात, त्या आधी रिप करून घेतल्या, एकीचा शेवटचा ट्रॅक गेला. बाकीच्यांना रोज दोन असा वेग धरला तर संक्रांतीपर्यंत होतील, आणि काकांच्या कॅसेटींची एक पिशवी कालच खाली आलीय.